तिकीट एका कंपनीचे, विमान दुसरीचे: हा प्रकार काय आहे?

देवळीकर:
आम्ही वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात राहतो. जर्मनीत असलेल्या मुलाने आम्हा उभयतांसाठी नागपूर–दिल्ली–फ्रँकफर्ट असे एकच तिकीट काढले आहे. त्यावर दोन्ही विमानांचे क्रमांक एकाच युरोपीय कंपनीचे आहेत, परंतु नागपूरच्या विमानाखाली बारीक अक्षरांत ते एक भारतीय कंपनी चालवणार असल्याचे लिहिले आहे. नागपूरला आम्ही कोणत्या काउंटरवर जावे? सामान हरवल्यास दाद कोणाकडे मागावी? आणि ही कंपनी नागपुरातून स्वतःचे विमान का नेत नाही?

वणीकर:
काउंटर नेहमी विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीचे असते, त्यामुळे नागपूरला भारतीय कंपनीकडेच जावे. तिकीट एकच असल्याने सामान सहसा थेट फ्रँकफर्टपर्यंत जाते. तरी बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटचे ठिकाण फ्रँकफर्टच आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. पारपत्राची तपासणी दिल्लीत होईल. परतीच्या प्रवासात मात्र सीमाशुल्क तपासणीसाठी साधारणपणे दिल्लीलाच बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ आहे की नाही हे मुलाला आत्ताच विचारा.

अचलपूरचा वाचक:
तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या तिकिटातच आहे. नागपूर–दिल्ली हा देशांतर्गत मार्ग आहे आणि अशा मार्गावर परक्या देशाच्या कंपनीला प्रवासी नेऊ न देण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो करारातील सातव्या कलमाने प्रत्येक देशाला दिला आहे. भारत तो अधिकार वापरतो. त्यामुळे युरोपीय कंपनी भारतीय कंपनीच्या विमानावर आपला क्रमांक लावून तिकीट विकते, यालाच कोडशेअर म्हणतात. एअर इंडिया आणि लुफ्थान्सा यांच्यात अशी व्यवस्था आहे.

याच करारातील सहाव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशात नियमित विमानसेवा न्यायची असेल, तर त्या देशाची परवानगी लागते. म्हणून देश दोघांदोघांत हवाई सेवा करार करतात. कोणत्या शहरांत उतरायचे, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती जागा, आणि कोडशेअर चालेल की नाही, हे सारे त्यात ठरते.

देवळीकर:
मग कतारची कंपनी नागपूरहून थेट दोहाला कशी जाते? दोहाला जमते ते फ्रँकफर्टला का जमू नये?

अचलपूरचा वाचक:
आंतरराष्ट्रीय मार्गाला सातवे कलम आड येत नाही. दोन्ही देशांच्या करारात नागपूरचे नाव असले की झाले. गंमत अशी की, कागदावर पाहिले तर अडचण आखातालाच अधिक आहे. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात दिल्लीपासून ५,००० किलोमीटरपलीकडच्या देशांशी परस्पर तत्त्वावर खुले आकाश, म्हणजे फेऱ्या-जागांची मर्यादा नसलेली विमानसेवा, ठेवण्याची भूमिका आहे. फ्रँकफर्ट त्या वर्तुळाबाहेर पडते, तर दोहा आणि दुबई आत येतात. आखाताशी जागा मोजून करार होतात. दुबईसाठी २०१४ पासून प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा ठरल्या आहेत, आणि त्या वाढवाव्यात ही तिथल्या कंपनीची मागणी जुनी आहे. आखाती कंपन्या भारतातले प्रवासी दुबई-दोहामार्गे युरोप-अमेरिकेला नेतात आणि भारतीय कंपन्यांना लांब पल्ल्याची थेट विमाने भरणे जड जाते, म्हणून सरकारने हात आखडता घेतला आहे. नागपूर–फ्रँकफर्ट थेट विमान नसण्याचे कारण मात्र माझ्या मते कायद्याहून अधिक प्रवासीसंख्येत आहे: मोठे विमान रोज भरेल इतके प्रवासी आपल्या जिल्ह्यांतून निघत नाहीत.

पुसदचा वकील:
सामानाचा प्रश्न राहून गेला. भारत २००९ मध्ये विमान कंपन्यांची प्रवासी व सामानाबाबतची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल कराराचा पक्षकार झाला. त्याप्रमाणे ज्या कंपनीने तिकीट दिले ती संपूर्ण प्रवासाला जबाबदार असते, तर जिने विमान चालवले ती आपल्या टप्प्यापुरती. तक्रार या दोघींपैकी कोणाकडेही केली तरी ग्राह्य असते, त्यामुळे ‘आमच्याकडे नव्हे, त्यांच्याकडे जा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच तेथील काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि बॅगेच्या टॅगचा तुकडा बोर्डिंग पाससोबत जपून ठेवावा.