पोकळी टिकवायची कशी?

एकाने विचारलंय की पोकळ नॅनोकणांना (मीटरच्या अब्जांशात मोजायचे, आतून रिकामे कण) वायूंची रासायनिक क्रिया घडवायला इतका पृष्ठभाग मिळतो, तर तापवल्यावर ते निकामी का होतात. त्या पृष्ठभागामुळेच! जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त ऊर्जा; तो कमी करायला अणू सरकतात, कवच आक्रसतं, शेजारचे कण एकमेकांना चिकटतात. ढोबळमानाने केल्विनमधल्या वितळणबिंदूच्या निम्म्यावर अणू हलू लागतात. सोन्यासाठी हे सुमारे ३९५ अंश सेल्सिअस, नॅनोकणांत त्याहूनही खाली.

पोकळी बनवणं त्या मानाने सोपं. कोबाल्टच्या कणाचं ऑक्सिडीकरण करताना धातू बाहेर वेगाने येतो, ऑक्सिजन आत हळू जातो, मध्ये रिकामी जागा उरते (कर्केंडॉल परिणाम, फार सुंदर गोष्ट आहे ही).

टिकवण्यासाठी माझं मत सच्छिद्र सिलिकाच्या (वाळूतला मुख्य घटक) आवरणाला. वायू छिद्रांतून ये-जा करतात, कण मात्र एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. फक्त आवरण आधी चढवा, भाजणं (म्हणजे कण खूप तापवणं) नंतर.