बोअरच्या केबलचा सांधा टिकत नाही, काय करू?

खानापूर तालुक्यात शेत आहे. मोटार 300 फुटांवर. दोन वर्षांत सांधा दुसऱ्यांदा गेला. परवा वर काढली तर टेपच्या आत पाणी, तांबं हिरवं पडलेलं. वायरमन पीळ देऊन टेप गुंडाळतो. सोल्डर (कथिलाचा डाग) करू की क्रिंप (नळी दाबून जोड)? ऊस वाळायला लागलाय.

उत्तर १:
अण्णा, नुसत्या पिळावर सोडू नका. पीळ सैल झाला की रोध वाढतो, सांधा तापतो. मी मोटारी भरतो (रिवाइंडिंग), तांब्याची नळी घालून क्रिंपच करतो. पक्कडीनं दाबू नका, क्रिंपिंगचं टूल घ्या. नळी केबलच्या मापाचीच. तिन्ही कोरचे (केबलमधल्या तारांचे) सांधे चार-चार बोटं पुढं-मागं ठेवा. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंद डोकावला पाहिजे. हीटश्रिंक सांधा करायच्या आधीच केबलवर ओवून ठेवा, बरं का.

उत्तर २:
सोल्डर वाईट नाही, पण सांधा फार तापला तर कथिल मऊ पडतं. हीटश्रिंक नसेल तर रबर टेप ताणून, निम्मी-निम्मी चढवून गुंडाळा, वर पीव्हीसी.

प्रश्नकर्ता:
क्रिंप केलं दादा. सांधा रात्रभर बादलीत बुडवून सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, काटा अनंतावरून हलला नाही, म्हणजे गळती नाही. आता मोटारीचं वजन दोरावर घेऊन सोडतोय, केबलला ताण नको.