मदत हवी आहे: हँडबेल वादनात करिअर करता येईल का?
न्यू जर्सीत अकरावीत शिकणारी माझी मुलगी शाळेच्या हँडबेल (हातात धरून वाजवायच्या, वेगवेगळ्या सुरांच्या घंटा) वृंदात वाजवते. हातमोजे घालून, फोम अंथरलेल्या टेबलामागे उभी राहून एकेका हातात दोन-दोन घंटा पेलण्याइतकी तिची तयारी झाली असून, तिला पुढे या वाद्याची शिक्षिका व वृंदसंचालक व्हायचे आहे. अमेरिकेत या वादकांची राष्ट्रीय संघटना १९५४ पासून आहे आणि रॉली रिंगर्ससारखे वृंद मैफलीही करतात. तरी निव्वळ वादनावर घर चालेल असे मला वाटत नाही, कारण डझनभर वादकांत वाटलेले मानधन ते कितीसे असणार! म्हणून संगीतशिक्षणाची पदवी घेऊन शाळेत नोकरी धरावी, की चर्चमधील हँडबेल वृंदाचे अर्धवेळ संचालकपद स्वीकारून शिकवण्या घ्याव्यात, आणि ख्रिस्ती नसलेल्या उमेदवाराला तेथे अडचण येते का, याविषयी कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया कळवावे.