मदत हवी आहे : कात्रजला जाळीतला मोर आणि तलावावरचे बगळे, एकाच लेन्सने

टेकडीकर
पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात फोटो काढायला जायचं आहे. कॅमेरा कॅननचा, क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर). लेन्स ५५-२५० मिमी झूम, पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) जास्तीत जास्त एफ ५.६ उघडतं. नवी लेन्स घ्यायला सांगू नये, बजेट नाही.
अडचणी दोन. पिंजऱ्यापाशी फोकस हटकून तारेवर बसतो, आणि पक्ष्यावर बसलाच तर फोटोभर राखाडी पट्टे येतात. तलावापाशी बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आणि पाणकावळा म्हणजे काळं भोक. सगळं ऑटोवर काढतो.

जुनीलेन्स
आधी जाळी. ती घालवायला खास युक्ती लागत नाही, हिशोब लागतो. २५० ला एफ ५.६ म्हणजे २५० भागिले ५.६, लेन्सचं भोक साधारण ४५ मिमी रुंद. त्यापुढे तीन मिमीची तार आली तर ती जेमतेम आठ-नऊ टक्के प्रकाश अडवते. तेच ५५ वर एफ ५.६ ठेवलंत तर भोक दहा मिमीचं, आणि तीच तार एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश खाते. म्हणून झूम पूर्ण ताणायचा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. एफ ११ करू नका, आकडा वाढला की भोक लहान होतं आणि जाळी ठसठशीत उमटेल.
दुसरी गोष्ट अंतराची. जाळी तुमच्यापासून दीड मीटरवर आणि मोर सहा मीटरवर असेल तर तारेची पुसट छटा मोराच्या ठिकाणी साडेतेरा सेंटिमीटर पसरते, म्हणजे दिसत नाही. मोर दोन मीटरवर, जाळीला चिकटून बसला, तर ती दीडच सेंटिमीटर पसरते. तेच तुमचे राखाडी पट्टे. अशा वेळी सेटिंगशी झटापट करू नका, मोर मागे जाईपर्यंत थांबा. जाळीला लेन्स टेकवता आली तर उत्तमच, पण बहुतेक ठिकाणी मध्ये कठडा असतो. तो ओलांडायचा नाही.
तिसरी, ऊन. जाळीवर थेट ऊन पडलं की तारा चमकतात आणि सगळा फोटो धुरकट होतो. पिंजऱ्याला फेरी मारा, जाळी सावलीत आणि पक्षी उजेडात अशी जागा सापडते. पक्ष्याच्या अंगावर जाळीची सावली चौकटीचौकटीने पडली असेल तर मात्र सोडून द्या, ती कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही.
फोकस : सगळे बिंदू बंद करून मधला एकच ठेवा आणि तो जाळीच्या घरातून, म्हणजे तारांमधल्या मोकळ्या जागेतून, पक्ष्याच्या डोळ्यावर धरा. तरी तारेवर उडी मारत असेल तर लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून हाताने बसवा. या लेन्सला सहा मीटरवर जेमतेम बारा सेंटिमीटर खोली मिळते, तेवढाच भाग स्पष्ट येतो. डोळा धरला तर पिसारा सुटणार, हे गृहीत धरूनच क्लिक करा.

रातबगळा
तलावाचं उलट आहे, तिथे जाळी नाही, पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो. मागे गडद झाडी आणि पुढे छोटासा बगळा असेल तर कॅमेरा झाडीचा हिशोब करतो आणि बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढराफटक येतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे एक करा. पाणकावळा चकाकत्या पाण्यावर असेल तर अधिक एक. म्हणजे पक्ष्याचा रंग नाही, त्याच्यामागे काय आहे ते बघून चाक फिरवायचं. पांढऱ्यावर हिस्टोग्रामचं (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) टोक उजव्या भिंतीला लागू देऊ नका. रॉमध्ये (जेपेगऐवजी कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, पाणकावळ्याच्या पिसांतला हिरवट-निळा तजेला नंतर वर आणता येतो.
शटर : बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/१६०० किंवा पुढे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, बगळ्याची मान नाही.
आणि नुसतं पाण्याकडे बघत बसू नका, काठच्या झाडांत शोधा. काळा माथा, काळी पाठ आणि लाल डोळा असलेला रातबगळा दिवसा फांदीवर गोळा होऊन बसतो, हलत नाही. नवशिक्याला याच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक नाही. तपकिरी, ठिपकेदार दिसला तर तो त्याचं पिल्लू असू शकतं. लोक त्याला हटकून ढोकरी (तपकिरी छोटा बगळा) म्हणतात. ढोकरी उडाली की पंख एकदम पांढरे दिसतात, रातबगळ्याच्या पिल्लाचे नाही.

टेकडीकर
जुनीलेन्स, हिशोब पटला. बायकोकडे फक्त मोबाइल आहे. तिचं काय? आणि संध्याकाळी उजेड कमी असतो तेव्हा फ्लॅश चालेल का?

जुनीलेन्स
फ्लॅश नको. उजेड आधी जाळीवर पडतो, तारा पांढऱ्याफटक होतात, आणि पक्षी बिचकतो तो वेगळाच.
मोबाइलची गंमत अशी की लेन्स इतकी बारीक असते की जाळीच्या घरात आख्खी मावते. कठडा नसेल तिथे मोबाइल जाळीला टेकवा, लेन्स घराच्या मध्यावर आणा, जाळी फोटोत येतच नाही. मात्र टेकवण्याआधी आत पक्षी कुठे आहे ते बघा. चोच जाळीबाहेर येते, आणि मोबाइल वाचला तरी बोट वाचेलच असं नाही. कठडा असेल तिथे मोबाइलने जाळीशी झुंजू नये, वहिनींना तलावावर पाठवा.

गवताळ
मोराचा पिसारा हवा असेल तर दिवस बघून जा. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात तो नाचतो, नंतर पिसं गळतात. दिवाळीच्या सुमारास गेलात तर लांडा मोर मिळेल, मग इथे पुन्हा धागा काढाल.
आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींची वेबसाइट) टाकणार असाल तर जाळीतल्या पक्ष्यावर बंदिवासातला अशी खूण करा. ईबर्डच्या (पक्षिनोंदींची वेबसाइट) यादीत तो धरायचाच नाही. झाडावर मोकळा बसलेला रातबगळा धरायचा, जागा प्राणिसंग्रहालयाची असली तरी. वरून उघड्या खंदकात बाहेरचा बगळा खाऊ चोरायला उतरतो, तोही जंगलीच. खात्री नसेल तर पाय बघा, माणसाने घातलेली कडी दिसली तर तो संग्रहालयातला असू शकतो, थांबून विचार करा.

टेकडीकर
कडीचं लक्षात नव्हतं. सगळ्यांचे आभार. सकाळी जाऊ की दुपारी? बुधवारी सुट्टी आहे, तेव्हा निवांत जाता येईल.

रातबगळा
दार उघडलं की आत. अकरानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही नीट फोकस केला तरी मऊच येतो. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असतं, खिडकीवर आधीच विचारा. आणि बुधवारी तिथेही सुट्टी असते. गुरुवारी रजा टाका.