अख्ख्या प्रकल्पाला एकच लाइफ सायकल मॉडेल कशासाठी?

चिंचोलीकर

मी सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल आणि डोसिंग सिस्टीम बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. टॉवेलचं सूत रंगवणारे डाइंगवाले हे आमचं गिऱ्हाईक. मागच्या एका कामात जे झालं त्यामुळे लाइफ सायकल मॉडेलबद्दल, म्हणजे गरज ठरवण्यापासून वापरापर्यंतची कामं कुठल्या क्रमाने करायची याबद्दल, माझं एक मत पक्कं झालंय, ते या धाग्यावर मांडतो. पटलं नाही तर जरूर खोडून काढा.

काम असं होतं: सूत रंगवायचं दाबाचं भांडं, रंग-रसायनं मोजून सोडणारी टाकी, पंप, पीएलसी (मशिन चालवणारा छोटा संगणक) आणि डाइंग मास्टरसाठी, म्हणजे रंगाई सांभाळणाऱ्या माणसासाठी, टच स्क्रीन. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून पूर्वी आलेली प्रक्रियेची वही आमच्याकडे होती. व्ही-मॉडेल, बावीस दस्तऐवज. डाव्या बाजूने उतरत गरजा, रचना, सुटे भाग. उजव्या बाजूने चढत त्या प्रत्येकाची चाचणी. साहेब म्हणाले, एवढं आपल्याला झेपणार नाही, टेलरिंग करा, म्हणजे प्रक्रिया आपल्या कामापुरती बेतून घ्या. आम्ही केलं. म्हणजे जे लिहायचा कंटाळा येतो ते गाळलं. मास्टरबरोबर बसून करायची पडताळणी गेली, सह्यांचे तक्ते तेवढे राहिले.

मशिन चालू करायच्या दिवशी दोन चुका निघाल्या. शेड कमी पडली की मास्टर मध्येच रंगाची अ‍ॅडिशन देतो. आमचा प्रोग्रॅम मात्र सायकल सुरू झाल्यावर रेसिपीला हात लावू देत नव्हता. ते चार दिवसांत सुधारलं. पण अ‍ॅडिशन वेळेत आत जायला टाकीकडून भांड्यात येणारा नॉझलही लहान पडत होता. त्यासाठी भांडं कापलं, वेल्डिंग केलं, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) पुन्हा घेतली. तीन आठवडे त्या गिऱ्हाइकाचं मशिन बंद. विसरलेली गरज एकच. सॉफ्टवेअरमध्ये तिची किंमत चार दिवस, लोखंडात तीन आठवडे.

म्हणून माझं म्हणणं: मॉडेल प्रकल्पाला निवडू नका, प्रकल्पाच्या भागाला निवडा. निकष एकच, इथून मागे फिरायचं झालं तर किती महागात पडेल. भांडं, पाइप, फाउंडेशन यांना टप्प्याटप्प्याने, मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही. स्क्रीन, रेसिपी, रिपोर्ट यांना थोडं बनवा, दाखवा, बदला. आणि जे गाळाल ते लिहून ठेवा: काय गाळलं, का, आणि त्याने वाढलेली जोखीम कोणी पत्करली.

आयएसओ १५२८८ हे प्रणालींच्या लाइफ सायकलचं आंतरराष्ट्रीय मानक २००२ साली आलं, आता २०२३ची आवृत्ती आहे. त्यात अमुकच मॉडेल वापरा अशी सक्ती नाही. टेलरिंग ही मात्र त्यात रीतसर प्रक्रिया आहे. आधी परिस्थिती बघा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं घ्या, मग ठरवा. आपल्या गावात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे इतके कारागीर आहेत. त्यातला एकही माप न घेता कापडाला कात्री लावणार नाही. वाढत्या पोराचा शर्ट असेल तर शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो. आम्ही मापही घेतलं नाही आणि मायाही सोडली नाही.

जलवाहिनी

साहेब, तुमची चूक मान्य, पण तिच्यावरचा उपाय मान्य नाही.

मी पाणीपुरवठ्याची सरकारी कामं घेतो. आमच्याकडे मॉडेल निवडायला कोणी विचारत नाही, ते टेंडरमध्येच असतं. ड्रॉइंग मंजूर झालं की पहिलं बिल, माल साइटवर आला की दुसरं, उभारणी झाली की तिसरं, चाचणीनंतर शेवटचं. उजनी धरणाहून शहरात येणारी लाइन शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिचा व्यास काय "बनवा, दाखवा, बदला" करून ठरवायचा?

आणि एकाच कामात दोन मॉडेल म्हणजे जिथे ते दोन भाग जुळतात तिथे रोजचं भांडण. सॉफ्टवेअरवाला दर आठवड्याला नवीन काहीतरी मागणार, माझं पॅनेल वायरिंग करून बंद झालेलं. त्याला एक सेन्सर वाढवून हवा, माझ्याकडे वायर जोडायला टर्मिनल शिल्लक नाही. पैसे कोणी द्यायचे? एकच शिस्त, सगळ्यांना सारखी, हेच बरं. तुमच्याकडे व्ही-मॉडेल चुकलं नव्हतं ओ. तुम्ही त्यातली पडताळणी काढून टाकली. ती ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता.

रिमोट_सोलापूर

काका, पडताळणी ठेवली असती तरी ती उजव्या बाजूला वरच्या टोकाला आली असती, म्हणजे सगळं बनून झाल्यावर. भांडं तेव्हाही कापावंच लागलं असतं.

मी पुण्यातल्या कंपनीचं काम इथे घरून करतो. दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्यासमोर चालतं काहीतरी ठेवायचं, एवढा एक नियम पाळला तरी असले प्रकार टळतात. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा, म्हणजे छोट्या फेऱ्यांनी सॉफ्टवेअर बनवायची भूमिका, २००१ साली सतरा जणांनी लिहिला, त्याला दोन दशकं उलटून गेली. आपण मात्र अजून १९७०च्या वॉटरफॉलमध्ये, म्हणजे एक पायरी संपली की पुढची आणि मागे वळणं नाही अशा पद्धतीत, अडकलोय. चिंचोलीकर दादा, अर्धं-अर्धं कशाला? सगळंच छोट्या फेऱ्यांनी करा की. मास्टरला पहिल्याच आठवड्यात कागदावर काढलेली स्क्रीन दाखवली असती तर "अ‍ॅडिशनचं बटण कुठंय?" हे त्याने लगेच विचारलं असतं.

निवृत्त मास्तर

१९७०बद्दल एक दुरुस्ती, कारण ही चूक वर्गात मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवली आणि तिचं मला वाईट वाटतं. वॉटरफॉल ज्यातून आला असं म्हणतात त्या विन्स्टन रॉइस यांच्या लेखात पायऱ्यांची आकृती आहे हे खरं, पण 'वॉटरफॉल' हा शब्द त्यात नाही. शिवाय आकृती दिल्यानंतर ते लगेच सांगतात की असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे. नवीन प्रकारचं काम असेल तर दोनदा करा, पहिल्यांदा लहान आणि शिकण्यासाठी, असा त्यांचा सल्ला होता. आपण आकृती घेतली आणि सल्ला सोडला.

त्यामुळे शिस्त विरुद्ध फेऱ्या हा वाद मला मुळात चुकीच्या जागी उभा वाटतो. बॅरी बोएम यांनी १९८०च्या दशकात स्पायरल मॉडेल मांडलं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आता सगळ्यात मोठी जोखीम कोणती हे विचारायचं, आणि ती उतरवायला जे लागेल तेवढंच त्या फेरीत करायचं. कधी ते कागदी स्क्रीन असेल, कधी पाण्यावर घेतलेली नॉझलची चाचणी, कधी काटेकोर लेखी तपशील.

माग-मालक

मी इंजिनिअर नाही, तीस वर्षं टॉवेलचे माग चालवतोय. पोरानं हा धागा दाखवला. तुमचे इंग्रजी शब्द मला नवीन आहेत, गोष्ट नवीन नाही.

टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, एक ग्राउंडचा, एक पाइलचा. बीममध्ये तारा किती हे वॉर्पिंगलाच ठरतं. बीम चढला, हिल्ड-रीडमधून तार भरली, की मग रुंदी बदला म्हणून पार्टीनं कितीही फोन केले तरी बीम उतरवल्याशिवाय काही होत नाही. बाण्याचा रंग मात्र चहाच्या सुट्टीत बदलून देतो. म्हणून ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सगळं आधी पक्कं करून घ्यायचं, आडव्या बाण्याचं चालू मागावर बोलता येतं. आणि नवीन डिझाइन असलं तर आखूड ताण्यावर नमुना काढून पार्टीला पाठवायचा. पास झाल्याशिवाय मोठा बीम भरत नाही. ज्यांनी ऑर्डरच्या घाईत नमुना सोडला त्यांचा माल गोदामात पडलेला मी बघितलाय.

त्या पाइपवाल्या साहेबांचं पण बरोबर आहे. ताणा ढिला ठेवून चालत नाही.

क्वालिटी_ताई

सगळे एकमेकांच्या जवळ येताय, म्हणून मुद्दाम आडवी जाते. मी एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे.

चिंचोलीकर सर, तुमचा निकष धोकादायक आहे. मागे फिरणं स्वस्त म्हणून भाग हलका धरायचा, असं तुम्ही म्हणताय. त्याच भांड्याचं झाकण घ्या. दाब पूर्ण उतरल्याशिवाय आणि आतलं पाणी पुरेसं थंड झाल्याशिवाय ते उघडू नये, हा इंटरलॉक तुमच्या पीएलसीत सॉफ्टवेअरमध्ये पण असणार. त्यातली ओळ बदलायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. तुमच्या हिशेबाने तो "थोडं बनवा, दाखवा, बदला"मध्ये बसला. तो चुकला तर समोर उभ्या ऑपरेटरच्या अंगावर उकळतं पाणी आणि वाफ येईल. तिथून मागे फिरणं कसलं?

दुरुस्तीचा खर्च आणि चुकीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंड आणि सॉफ्टवेअर अशी वाटणी करून तुम्ही दुसरीकडे बघितलंच नाही. स्क्रीनवरचं बटण आणि झाकणाचा इंटरलॉक एकाच पीएलसीत, एकाच माणसाने लिहिलेले असतात. म्हणून तर जास्त भीती.

दुसरं, गाळल्याची नोंद ठेवा म्हणालात ते बरोबर, पण सही कोणाची? नासामध्ये टेलरिंग म्हणजे लागू असलेल्या अटीतून सूट मागणं, आणि ती ज्याला अधिकार आहे त्याच्याकडून मंजूर करून घ्यावी लागते. काम करणाऱ्यानेच स्वतःला सूट द्यायची नाही. तुमच्याकडे साहेबांनी तोंडी सांगितलं आणि तुम्ही गाळलं. उद्या तुम्ही लिहून गाळाल. मास्टरला त्यात कुठे विचारलं?

चिंचोलीकर

ताई, इंटरलॉकचा मुद्दा मला सुचायला हवा होता. मी मशिन बंद पडल्याचे आठवडे मोजत बसलो, मशिनसमोर उभा असलेला माणूस माझ्या हिशेबात आलाच नाही. निकष बदलतो: मागे फिरायला किती महाग, आणि चुकलं तर कोणाला इजा. दोन्हीपैकी एक जरी उत्तर जड असेल तर तो भाग ताण्याचा, म्हणजे आधी पक्का करायचा. इंटरलॉकचा प्रोग्रॅम वेगळा ब्लॉक, लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि स्क्रीनच्या फेऱ्यांमध्ये त्याला कोणी हात लावायचा नाही. सहीबद्दलही मान्य. वापराशी संबंधित काही गाळायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या माणसाची सही घेणार.

रिमोटभाऊ, कागदी स्क्रीन पहिल्या आठवड्यात, हे शंभर टक्के. पण सगळंच छोट्या फेऱ्यांनी नाही होणार. प्लेट कापली की कापली.

जलवाहिनी साहेब, जोडाच्या भांडणावर मी अडलो होतो. माझं उत्तर असं: दोन भाग जिथे जुळतात ती यादी, म्हणजे पीएलसीची आयओ लिस्ट (त्याला कुठली वायर येते-जाते याची यादी), कायम पक्क्या बाजूची. तिच्यात पहिल्या दिवशीच वीस टक्के टर्मिनल रिकामी ठेवायची. हीच ती माया. सॉफ्टवेअरवाल्याने जे मागायचं ते त्यातूनच.

आणि व्यास पक्का धरला तरी तुमच्याच लाइनवर पंपिंगचं वेळापत्रक बदलतं. उन्हाळ्यात उजनीची पातळी गेली की दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं. आपल्याला किती दिवसांआड पाणी येतं हे अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर मंजूर ड्रॉइंगसारखं गोठवून टाकलं तर दुसऱ्याच उन्हाळ्यात ऑपरेटर ते मॅन्युअलवर टाकेल. लाइफ सायकल चाचणीच्या बिलापाशी संपत नाही. वापर, देखभाल आणि शेवटी काढून टाकणं हेही त्यातलेच टप्पे, आणि सगळ्यात लांब काळ तिथेच जातो.

जलवाहिनी

वीस टक्के टर्मिनल मी आजही ठेवतो, त्यावर वाद नाही. मॅन्युअलवर टाकल्याचंही खरं आहे, डोळ्यांनी बघितलंय.

पण बिलाचं काय? "दाखवा, बदला" याला टेंडरमध्ये रकमेची ओळ नाही. ऑडिटला किती फेऱ्या झाल्या आणि संपलं कधी हे दाखवावं लागतं. तुम्ही खासगी गिऱ्हाइकाशी बोलून ठरवाल, मी कोणाशी बोलू? फेऱ्यांची संख्या आणि प्रत्येक फेरीत काय स्वीकारलं याचा तक्ता आधीच ठरवून दिलात तर मी विचार करीन. तोवर माझं काम व्ही-मॉडेलनेच. हां, मास्टरला आधी बसवा हे मात्र घेतो. आमच्यात मास्टर म्हणजे पंप हाउसचा ऑपरेटर.

क्वालिटी_ताई

त्या तक्त्यात तपासणाऱ्याचं नाव बनवणाऱ्याहून वेगळं असू दे, एवढं बघा.

चिंचोलीकर

तक्ता करतो. नवीन भांड्याचं काम हातात आहे, त्यावरच आधी वापरून बघतो: तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला मास्टरने चालवून बघायच्या पाच-सहा गोष्टी, आणि तिसऱ्या फेरीनंतरचा बदल वेगळ्या दराने. या बुधवारी मास्टर कागदी स्क्रीन बघायला येणार आहेत. अ‍ॅडिशन किती लिटरची आणि किती मिनिटांत आत जायला हवी हे त्यांच्याकडूनच घेणार. तोवर नॉझलचं माप रिकामं ठेवलंय आणि भांड्याचं ड्रॉइंग फॅब्रिकेशनला दिलेलं नाही.