केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं राहताना: आतून जुनं की आतून नवं?

विंगेतला माणूस

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेल्या या वास्तूचं छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या गेल्या. दगडी भिंती बऱ्याच अंशी टिकल्या. तेव्हापासून बातम्यांत दोनच गोष्टी येतात: 'जसं होतं तसं बांधणार' आणि 'उद्घाटन कधी'. या दोन्हींच्या मधलं काही कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत: दर्शनी भाग, प्रेक्षागृहाची लांबी-रुंदी-उंची आणि लाकडी रंगमंच जुनाच हवा. वायरिंग, छप्पर, पडदे, लाइटचे बार आणि पाण्याची व्यवस्था सगळी नवी हवी. लोक कमानी आणि नक्षी यांवर भांडतात, पण नाटकाचा जीव आकारमानात असतो. खोट्या छतासाठी उंची चार-पाच फूट कमी केली की आवाज बदलला. बाहेरून कितीही हुबेहूब केलं तरी मग ते जुनं नाट्यगृह नाही.

दुसरं, रंगमंचाखालची पोकळी. फळ्यांखाली हवा असली की पाय टाकला तर ठेका ऐकू येतो, आणि नाचणाऱ्याच्या गुडघ्याला मारही कमी बसतो. तिथं काँक्रीट ओतून वर लाकडासारखी दिसणारी चादर चिकटवणार असाल तर 'जसंच्या तसं' म्हणू नका.

खासबाग कट्टा

लाकूड कशाला परत, भावा? एकदा जळलंय की. त्या पोकळीत काय असतं ते कधी टॉर्च मारून बघा: तुटकी कनेक्शनं, सेटचे जुने फ्लॅट (कापड-प्लायच्या चौकटी), चिंध्या, उंदरांची घरटी. साफ करायला कोण उतरतंय तिथं? वर सागवानाला वाळवी, पावसाळ्यात फळ्या फुगणार, उन्हाळ्यात फटी पडणार, त्यात टाच अडकणार. काँक्रीटचा स्लॅब घाला, वर रबराचा थर, त्यावर प्लायवूड. पन्नास वर्षं बघायला नको. महापालिकेची वास्तू आहे, देखभाल कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. जे कमी मागतं ते बांधा.

तुळई

खासबागकर, देखभालीचं पटतंय, आगीचं नाही. जाड लाकूड आणि पातळ लाकूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाड सागवानी तुळई बाहेरून मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते, आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला वाचवतो. म्हणजे आठ इंची तुळईचा गाभा अर्ध्या तासाच्या आगीनंतरही भार पेलतो. उलट उघडं लोखंड साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतं आणि ट्रस, म्हणजे छपराची कैची, वाकून खाली येतो. 'लोखंड जळत नाही' हे खरं, पण ते कोसळतं. छपराला लोखंडी ट्रस टाकणार असाल तर त्यावर आग लागल्यावर फुगणारा रंग किंवा फवाऱ्याचा संरक्षक थर हवाच. खर्च वाचवताना पहिली कात्री नेमकी त्यालाच लागते.

पेट घेतं ते पातळ सामान: प्लायचं आवरण, फोम भरलेल्या खुर्च्या, झालरी, सेटमधलं थर्मोकोल. थर्मोकोल तर वितळून पेटते थेंब खाली टाकतं. तेव्हा रंगमंच लाकडाचा ठेवायला माझी हरकत नाही. फळ्या सव्वा ते दीड इंच जाड, दोन फळ्यांत दोन मिलिमीटरची फट, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि पोकळीत माणूस वाकून जाऊ शकेल असं दार. दार नसेल तर खासबागकर म्हणतात ते शंभर टक्के होणार.

तिसरी घंटा

नाटक बसवणाऱ्यांच्या बाजूने थोडं कडू बोलतो. वास्तू-वारसा-पोकळी सगळं छान, पण हौशी संस्थेला तारीख, भाडं आणि विजेचा प्लग हवा असतो. आग लागली तेव्हापासून शाहू स्मारक, देवल क्लब जिथं मिळेल तिथं लोक प्रयोग करतायत. तिथल्या मंचाला विंगेची खोली आणि उंची इथल्याएवढी नाही, त्यामुळे सेट कापावा लागतो. आता आणखी दोन वर्षं छताच्या नक्षीत घालवू नका.

आणि 'सगळे लाइट एलईडी' हे जे चाललंय त्याला माझा विरोध आहे. हजार वॅटचे चोवीस पार (मंचावरचे हॅलोजन दिवे) लावले तर चोवीस किलोवॅट; दोनशे वॅटचे एलईडी लावले तर पाचच्या आत. बचत कबूल. पण स्वस्त एलईडीत चेहरा राखाडी दिसतो. मंद होताना शेवटी पायऱ्या पडतात, अंधार 'उतरत' नाही, तुटतो. मग संस्था भाड्याने हॅलोजन आणणारच. त्यासाठी मंचाच्या दोन्ही बाजूंना थ्री-फेजचे पक्के सॉकेट ठेवले नाहीत तर पोरं पॅनेलमध्ये उघडी तार खुपसतात आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळतात.

फॉर्म बी

तिसरी घंटा यांनी शेवटच्या वाक्यात जे लिहिलंय, तोच माझा मुख्य मुद्दा. बाहेरून येणारा सेट आणि बाहेरून येणारा लाइट हे कुठल्याही नाट्यगृहाच्या आराखड्यात नसतात, आणि धोका तिथंच असतो.

जगातली उदाहरणं बघा. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर 'पूर्णपणे अग्निरोधक' अशी जाहिरात करून उघडलं. ३० डिसेंबर १९०३ ला दिव्याच्या ठिणगीने पडद्याचं कापड पेटलं, मंचावरची आग प्रेक्षागृहात येऊ न देणारा सुरक्षा पडदा अर्ध्यात अडकला, कित्येक दारं उघडेनात. सहाशे दोन माणसं गेली. बार्सिलोनाचं लिसेऊ ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ ला जळालं. खुद्द लोखंडी सुरक्षा पडद्याची दुरुस्ती चालू असताना ठिणग्या कापडावर पडल्या. व्हेनिसचं ला फेनीचे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला जाळलं गेलं. आजूबाजूचे कालवे गाळ काढण्यासाठी कोरडे होते, म्हणून पाण्याचं गाव असूनही पाणी मिळेना. आपल्याकडे दिल्लीचं उपहार चित्रपटगृह, १३ जून १९९७: एकोणसाठ मृत्यू, बहुतेक धुरात गुदमरून. दगड किंवा लाकूड यांनी ही माणसं मेली नाहीत. बंद दार, अडकलेला पडदा आणि धूर यांनी मेली. व्हेनिसची वास्तू गेली ती नसलेल्या पाण्यामुळे.

म्हणून माझी यादी. प्रेक्षागृह आणि मंच यांच्या मधला अग्निरोधक पडदा स्वतःच्या वजनाने अर्ध्या मिनिटात खाली यायला हवा, मोटरच्या भरवशावर नाही. तो महिन्यातून एकदा प्रेक्षकांसमोर पाडून दाखवावा, मध्यंतरात. आग विझवायचा पंप मुख्य स्विचच्या अलीकडून वीज घेणारा हवा. अग्निशमन दल आलं की आधी मुख्य वीज तोडतं आणि बऱ्याच इमारतींत त्याच क्षणी पंपही बंद पडतो. जोडीला डिझेल पंप. मिनिटाला दोन हजार लिटरचा पंप धरला तर एक लाख लिटरची टाकी पन्नास मिनिटांत संपते, तेव्हा टाकीचं माप कागदावर नको, हिशेबाने ठरवा.

सेटचं कापड बाहेरून आलं तरी अट घालता येते. सुती कापडासाठी सात भाग बोरॅक्स, तीन भाग बोरिक ॲसिड, शंभर भाग कोमट पाणी. कापड बुडवा, पिळू नका, सावलीत वाळवा. धुतलं किंवा भिजलं की पुन्हा करावं लागतं. पॉलिस्टरवर हे चालत नाही. कडेची पट्टी मंचाबाहेर नेऊन बारा सेकंद ज्योत धरा, काढल्यावर दोनेक सेकंदात विझली तर आत घ्या.

आणि माझं नाव ज्यावरून आहे ते प्रमाणपत्र. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म द्यायचा असतो. तो तिकीट खिडकीजवळ फ्रेम करून लावा, कार्यक्रमांच्या फलकाशेजारी.

ऑर्गन-तबला

आगीचं सगळं मान्य. पण अग्निरोधक म्हणून भिंतींना छिद्रांचे पॅनेल, जमिनीवर गालिचा, वर खनिज लोकरीच्या पाट्या लावल्या की नाट्यसंगीत मेलं. हिशेब मांडतो. समजा आठशे खुर्च्या आणि चार हजार घनमीटर जागा. घुमारा म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, तो ०.१६१ गुणिले आकारमान भागिले एकूण शोषण. एक सेकंद हवा असेल तर शोषण साधारण साडेसहाशे चौरस मीटर लागतं. त्यातलं साडेतीनशे-चारशे नुसता प्रेक्षकच खातो. उरलेल्या अडीचशेत पडदे, विंगा, दारं सगळं बसवायचं आहे. तुम्ही हौसेने आणखी तीनशे चौरस मीटरचे पॅनेल लावलेत तर घुमारा पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. गद्य संवादाला ते एकवेळ चालेल. पण तानेला अंग उरत नाही, मग गाणारा माइक मागतो, आणि माइक आला की ऑर्गनही माइकवर. नाव केशवराव भोसल्यांचं आणि गाणं स्पीकरमधून, असं होऊ नये.

मला सव्वा सेकंदाच्या आसपास हवा.

विंगेतला माणूस

सव्वा सेकंदाला गद्य नाटकातला पुटपुटता संवाद मागच्या रांगेत चिखल होतो. आज होणाऱ्या प्रयोगांत संगीत नाटकं किती आणि गद्य किती? माझ्या मते एक सेकंद, आणि बाजूच्या भिंतींवर लाकडी जाळीमागे सरकणारे जाड मखमली पडदे. गद्याला ओढून घ्या, गाण्याला गुंडाळा. पडद्यांना फॉर्म बी यांची ज्योत-परीक्षा लागूच.

त्यापेक्षा मोठी चूक मागच्या भिंतीची होते. थेट आवाज आणि भिंतीवरून येणारा आवाज यांच्या वाटेत सतरा मीटरपेक्षा जास्त फरक पडला की पन्नास मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतो. पुढच्या रांगांना मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज असाच त्रास देतो. तेव्हा शोषण लावायचंच असेल तर मागच्या भिंतीला लावा. बाजूच्या भिंती आणि छताचा पुढचा तिसरा हिस्सा कडकच राहू द्या, तिथूनच संवाद मागे पोचतो.

खासबाग कट्टा

आणि पाऊस? कोल्हापुरात जुलैत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की तुमचा सव्वा सेकंद आणि एक सेकंद दोन्ही वाहून जातात. वर नुसता रंगीत पत्रा टाकला तर समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येणार न्हाय. ह्यावर कोणीच बोललं न्हाय अजून. शेजारी कुस्तीचं मैदान, तिथला कर्णा वेगळाच.

तुळई

खासबागकर, या मुद्द्याला शंभर पैकी शंभर. पत्रा एकटा नकोच. वर पत्रा किंवा कौल, खाली हवेची पोकळी, तीन इंच खनिज लोकर, आणि त्याखाली जोड सांधे चुकवून जिप्समचे दोन थर. पत्रा ट्रसला थेट न ठोकता मधे रबराची पट्टी. दारांना दुहेरी कप्पा: एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायची गरज पडू नये, मग मैदानातला कर्णा आणि उशिरा येणारा प्रेक्षक दोन्ही बाहेर राहतात. एसीचा आवाज हाही पाऊसच. हवा जाळीतून सेकंदाला दोन मीटरच्या आत वेगाने आली पाहिजे, म्हणजे हवेचे नळ मोठे लागतात आणि त्यांची जागा आत्ताच आराखड्यात धरावी लागते. मागाहून लहान नळ कोंबले की शिट्टी वाजते.

तिसरी घंटा

एवढं सगळं करून उद्घाटनाला काय होणार ते सांगू का? तीन तास भाषणं, शाली, मग सिनेमातल्या कलाकारांचा बहारदार कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवसापासून तारखा वाटपाची भांडणं. पणजीच्या कला अकादमीचं बघा. नूतनीकरणानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये खुली झाली, आणि आवाज, प्रकाश, गळती यांच्या एवढ्या तक्रारी आल्या की सरकारला कृतिदल नेमावं लागलं. आधी चालवून बघितलं असतं तर?

माझी मागणी: उद्घाटनाच्या आधी तीन चाचणी प्रयोग, तिकीट नाही, पण खुर्च्या भरलेल्या. रिकाम्या प्रेक्षागृहात मोजलेला घुमारा खोटा असतो. पहिला माइकशिवाय गद्य नाटकाचा, दुसरा ऑर्गन-तबल्यावर संगीत नाटकाचा, तिसरा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. तिसऱ्याला हसू नका. तीनशे पोरं विंगेत, पालक रांगांत उभे, बाहेरून आणलेला डीजे, धुराचं यंत्र आणि थर्मोकोलचा किल्ला: सगळ्यात कठीण परीक्षा तीच.

फॉर्म बी

तिसऱ्या चाचणीच्या वेळी न सांगता घंटा वाजवा आणि घड्याळ लावा. दारं बाहेर उघडतात का, ढकलपट्टीने उघडतात का, की कोणी मोटारसायकली लावून अडवलीत, ते कळेल. पालकांना आधी पूर्वसूचना द्यायची का यावर मात्र मी ठाम आहे: तालीम असल्याचं प्रवेशिकेवर छापा, फक्त वेळ छापू नका.

ऑर्गन-तबला

दुसऱ्या चाचणीला पडदे गुंडाळलेले ठेवा, मग विंगेतल्या माणसाशी सव्वा सेकंदावर पुन्हा भांडेन.

खासबाग कट्टा

जुलैत ठेवा म्हणजे झालं. आणि पोकळीची किल्ली कुणाकडं असणार ते आधी ठरवा.