पोरांचं ऐकून ऐकून आपलीच झोप उडाली, तुमच्या शाळेत स्टाफसाठी काही करतात का?

सत्तरीची टीचर:
नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवते, 17 वर्षं झाली, म्हणजे नवखी नाही. पण यंदा जूनपासून आमच्याकडे लागोपाठ तीन प्रकरणं झाली, तपशील लिहीत नाही, कृपया विचारूही नका, एवढंच सांगते की तिन्ही वेळा पोर सगळ्यात आधी माझ्याशी बोललं. रिपोर्ट झाला, पोलीस येऊन गेले, पोरांचं पुढचं नीट चाललंय. माझंच नीट चाललेलं नाही. रात्री तीनला जाग येते आणि एका मुलीचं एकच वाक्य डोक्यात फिरत राहतं, वर्गात कुणाच्या हातावर खरचटलेलं दिसलं तरी पोटात गोळा येतो, आणि माझ्या लेकीची ट्यूशन मी बंद केलीय, सर चांगले आहेत, कारण काहीच नाही, तरी. ती सगळी पत्रं टाईप केली त्या आमच्या क्लार्क बाई, त्याही परवा स्टाफरूममध्ये रडल्या.
हेडमास्तर मनाने भले, म्हणाले स्टाफसाठी एक दिवसाचं योगा आणि स्ट्रेस मॅनेजमेंट ठेवूया, वर जेवण. मला हो म्हणवत नाही आणि नको का ते सांगता येत नाही. कुणी काही वेगळं केलंय का?

फोंड्याहून, समुपदेशक:
टीचर, तुम्ही जे लिहिलंय त्याला सेकंडरी ट्रॉमा म्हणतात, तुमचं मन कमकुवत आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही. नुसत्या कामाच्या ओझ्याने माणूस हळूहळू विझतो तो बर्नआऊट, त्याला रजा, कमी पिरियड हे उपाय चालतात. हे वेगळं. हे एका दुपारीसुद्धा लागू शकतं आणि लक्षणं तीच जी प्रत्यक्ष सोसणाऱ्याला होतात, झोप मोडणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, दचकणं, सगळीकडे धोका दिसणं. तुमची ट्यूशनची गोष्ट हे तर पुस्तकात घालावं असं उदाहरण. 1995 मध्ये चार्ल्स फिगली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर लिहिलं, आणि 2013 च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात कामाचा भाग म्हणून असे तपशील पुन्हा पुन्हा कानावर पडणं हाही आघात धरलाय.
प्रोक्वोल नावाची 30 प्रश्नांची फुकट प्रश्नावली आहे, गेल्या 30 दिवसांबद्दल विचारते. त्यावरून निदान होत नाही, पण आपण कुठे आहोत ते कळतं. मात्र ती भरून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायची नाही, स्वतःजवळ ठेवायची. आणि झोप महिनाभर अशीच असेल तर बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोविकार इस्पितळाच्या, ओपीडीत दाखवा. आपल्याकडे गंमत बघा, पणजीत आबे फारियाच्या पुतळ्यासमोर लोक फोटो काढतात, संमोहनवाला आपला कांदोळीचा म्हणून अभिमान, आणि बांबोळीला जायचं म्हटलं की आवाज खाली. जायचं नसेल तर 14416 टेलीमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फोनवर.

पेडण्याचा निवृत्त मास्तर:
माझं मत थोडं वेगळं, राग नसावा. आमच्या वेळी हे शब्द नव्हते, पोरं तेव्हाही सांगायची, आम्ही ऐकायचो, संध्याकाळी देवळात भजनाला बसायचो, टाळ हातात घेतला की अर्धं उतरायचं. योगाला नावं ठेवू नका, काही जणांना लागू पडतो. प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायला लागलो तर शिक्षक पोराजवळ बसायलाच घाबरेल.
पण खरं सांगायचं तर आमच्या सातवीतला एक मुलगा नदीत बुडाला होता, त्याचा बाक मी वर्ष संपेपर्यंत हलवू दिला नाही आणि त्या घाटावर मी नंतर 11 वर्षं गेलो नाही, लांबून रस्ता धरायचो. घरी पण कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहितोय. कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं का, काय माहीत.

डिचोलीची हेडबाई:
मास्तर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.
टीचर, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं, तेव्हा एक दिवसाचं सेशन आम्हीही घेतलं, जेवण उत्तम होतं, सोमवारी सगळं होतं तिथेच. मग आम्ही कामाची पद्धत बदलली, पैसे शून्य लागले. पहिलं म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, काय मागतो ते सगळ्यांना नीट सांगितलं. कळलं किंवा शंका आली तर कळवणं बंधनकारक, न कळवणं गुन्हा, पण चौकशी करणं हे शिक्षकाचं काम नाही. पोर बोललं तर ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, 1098 ही मुलांची हेल्पलाइन किंवा पोलीस, संपलं. आधी आमच्याकडे वर्गशिक्षिका ऐकायची, मग सुपरवायझर बोलवून ऐकायची, मग मी, त्या पोराला तेच तीनदा सांगावं लागायचं आणि तीन माणसांची झोप जायची. आता तसं नाही.
दुसरं, ऐकलेल्या टीचरला एकटं सोडत नाही, एक जोडीदार ठरलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे पहिले दोन पिरियड दुसरं कुणी घेतं, न मागता. मागायला लावलं तर कुणीच मागत नाही. तिसरं, स्टाफरूममध्ये तपशील ओतायचे नाहीत. "माझ्याकडे एक जड गोष्ट आहे, आत्ता ऐकशील का?" असं आधी विचारायचं, आणि समोरची नको म्हणाली तर राग धरायचा नाही. हे ऐकायला पोरकट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण पोराची ओळखही त्यामुळेच बाहेर फुटत नाही.
आणि तुमच्या क्लार्क बाईंना विसरू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकलं होतं ते बालरथमधल्या, म्हणजे शाळेच्या बसमधल्या, मदतनीस बाईने, पोरं गाडीत तिच्याशी बोलतात, तिला त्या सेशनला कुणी बोलावलंच नव्हतं, मी पण नाही. याची मला अजून लाज वाटते.
एक अडचण सुटलेली नाही. शाळेत येणारी समुपदेशक पोरांसाठीच पुरत नाही, ती अनेक शाळा करते, तिच्यावर स्टाफ पण टाकायचा का?

फोंड्याहून, समुपदेशक:
हेडबाई, टाकू नका. आम्हाला पण कुणीतरी लागतं, आमचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आणि तुमच्याच शाळेतल्या समुपदेशकासमोर टीचर मोकळं बोलत नाही, सीआरची, म्हणजे नोकरीतल्या गोपनीय अहवालाची, भीती असते, खरी असो खोटी असो. दोन-तीन शाळांनी मिळून बाहेरचं माणूस बोलवा, महिन्यातून एकदा, शाळेच्या वेळेत. शनिवारी दुपारी ठेवलंत तर ती शिक्षाच.

सत्तरीची टीचर:
सगळ्यांना देव बरें करूं. पिरियडचं आणि जोडीदाराचं हेडमास्तरांना आज सांगितलं, म्हणाले लिहून द्या. योगा रद्द झालेला नाही, मास्तरांचं वाचून मी पण हट्ट सोडला, पण बालरथच्या दोघी आणि शिपाई पण येणार असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्या कार्यक्रमाचं पत्र टाईप करायचं होतं, क्लार्क बाई म्हणाल्या आज नको, उद्या करते. मी म्हटलं द्या, मीच करते.